केमोच्या सुईआधी हाताचा व्यायाम: या चुका टाळा

केमो देतात त्या डे केअरच्या बाकड्यावर दर खेपेला हे दिसतंच. आतून नाव पुकारलं की कुणीतरी पिशवीतून नवाकोरा बॉल काढतं आणि जीव खाऊन दाबत सुटतं. अहो, पाच मिनिटांत शीर काय वर येणार?

मीही तेच केलंय. हॉजकिन्स लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर, त्यासाठी दर 14 दिवसांनी एक, अशा केमोच्या 12 खेपा होत्या. दुसऱ्या खेपेला डोंबिवलीहून सकाळची फास्ट धरली. वाटेत लघवीला लागली तर लोकलमध्ये जाणार कुठे, म्हणून आदल्या रात्रीपासून पाणी अगदी घोटभर. दादरला उतरले तेव्हा जीभ टाळ्याला चिकटलेली, पुढे एसीत हात गारठले. बॉल मात्र इमानेइतबारे दाबत होते. तीनदा टोचूनही शीर सापडेना, तेव्हा सिस्टरने विचारलं, "ताई, सकाळपासून पाणी किती प्यालात?" मी गप्प. तिने दोन ग्लास पाणी पाजलं, कोमट ओला टॉवेल हाताला गुंडाळला, हात खाटेवरून खाली सोडायला सांगितला. वीसेक मिनिटांनी एका टोचण्यात काम झालं.

दुखणं काही शून्यावर येत नाही, पण चारदा टोचून घेण्यापेक्षा एकदा बरं. तेव्हापासून घरी रोज तीन वेळा, दहा-दहादा: बॉल दाबायचा, पाच आकडे मोजायचे, सोडायचा. सोडणंही सावकाश. डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलं नसेल तर आदल्या दिवसापासून पाणी. लोकलची भीती वाटते ना? मग एक गाडी आधीची पकडा, दादरला उतरून लघवीला जाऊन घ्या. घाई करणाऱ्यांना हे पटत नाही, त्यांना टोचण्याच्या दारातच जादू हवी असते.

शेकायला गरम पाण्याची रबरी पिशवी नको, कातडी भाजते.

रक्त तपासायला देताना पट्टा बांधल्यावर मूठ उघडझाप करू नका. रिपोर्टमध्ये पोटॅशियम खोटंच वाढलेलं येतं.

स्तनाच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूचा हात सुईसाठी पुढे करू नका. तो हात सुजू शकतो. त्याचे व्यायाम वेगळे असतात, ते फिजिओथेरपिस्टला विचारा. प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) कमी असतील किंवा शीर लाल, कडक झाली असेल तर बॉल ठेवून द्या आणि डॉक्टरांना दाखवा.

आता माझा खरा राग. सलाईन चालू असताना आग होते, आणि माणसं "होत असेल असंच" म्हणून दात-ओठ खात बसतात. डॉक्सोरुबिसिन, म्हणजे ते लाल औषध, शिरेबाहेर गळलं तर आतलं मांस जळतं. डाकार्बाझिन या केमोच्या दुसऱ्या औषधाने न गळताही शिरेत आग होते, पण कुठली आग कसली हे आपण ठरवायचं नाही. लगेच हाक मारायची. आणि सुई लागलेल्या हाताने बॉल अजिबात नाही.

बॉल महागाचा नको. टेनिस बॉल मला कडक पडला, मग मी पायमोज्यांची जोडी गुंडाळून दाबायचे. शेवटच्या खेपेपर्यंत तीच पुरली.