काळ्या रानात रोटर मारताना वेग नेमका कुठे कमी करावा

ज्याला ट्रॅक्टर चालवता येतो त्याला रोटरही, म्हणजे ट्रॅक्टरमागे जोडलेले, फिरत्या पात्यांनी ढेकळे फोडणारे अवजारही, मारता येतेच, असे मी समजत होतो. पहिल्या हंगामात मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारीच्या पेरणीआधी मी एकरावर मजुरी ठरवून काम घेतले होते, आणि मजुरी एकरावर ठरली की हात आपोआप वरच्या गियरकडे जातो. वरून रान गादीसारखे दिसत होते. शेतकऱ्याने वाकून मातीत हात घातला, चार बोटांखालून नारळाएवढे ढेकूळ बाहेर काढले आणि काही न बोलता ते बॉनेटवर ठेवले. ते रान मला पैसे न घेता पुन्हा मारून द्यावे लागले. त्याच आठवड्यात पीटीओ जॉइंटचा, म्हणजे ट्रॅक्टरची ताकद रोटरला पोचवणाऱ्या फिरत्या दांड्याच्या सांध्याचा, क्रॉसही तुटला.

मग "हळू चालव" असा सल्ला मिळाला, आणि खरा फसलो तो इथे. मी गियर तोच ठेवून थ्रॉटल खाली घेतला. इंजिन दबले, काळा धूर निघू लागला आणि ढेकळे मात्र तशीच राहिली. याचे कारण नीट समजून घ्या. रोटर इंजिनवर फिरतो आणि चाकेही इंजिनवरच फिरतात. थ्रॉटल कमी केला की दोन्ही सारख्याच प्रमाणात मंदावतात, म्हणून पात्याच्या एका घावाला येणारी माती तेवढीच राहते. समजा, रोटर मिनिटाला २०० फेरे घेतो आणि एका चकतीवर एका बाजूची ३ पाती आहेत, तर मिनिटाला ६०० घाव पडतात. ट्रॅक्टर ताशी ३ किलोमीटरने, म्हणजे मिनिटाला ५० मीटर चालत असेल, तर दर घावाला सुमारे ८ सेंटीमीटर माती कापली जाते. ताशी ५ किलोमीटरला तीच जवळजवळ १४ सेंटीमीटर होते. एवढा मोठा घास पात्याला, क्रॉसला आणि गिअरबॉक्सला झटके देतो. म्हणून पीटीओचे मिनिटाला ५४० फेरे ज्या आरपीएमवर मिळतात तिथे इंजिन ठेवावे आणि वेग गियर खाली घेऊन कमी करावा.

उलट टोकालाही जाऊ नका. नांगरट आधीच मोकळी असताना रोटर जोरात आणि ट्रॅक्टर अगदी सावकाश चालवला, तर मातीचे पीठ होते, पाती विनाकारण झिजतात आणि पहिल्या पावसानंतर रानावर खपली धरते. रोटरचा गिअरबॉक्स मल्टिस्पीड असेल, तर अशा रानात रोटरचे फेरेच कमी करावेत. वापसा, म्हणजे मशागतीजोगी बेताची ओल, नसेल तर मात्र कोणताही गियर उपयोगी पडत नाही. चिकट माती पात्यांना गुंडाळते, तेव्हा मालकाने कितीही घाई केली तरी थांबावे.

मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून वेग ठरवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण ते रान तुमचे नसते. जो उस्ताद सकाळी क्रॉसला स्वतः ग्रीस मारतो आणि पात्यांचे बोल्ट हाताने तपासतो, त्याच्याकडेच शिका. सुरुवातीला दिवसाकाठी इतरांपेक्षा कमी रान झाले, तरी मन खट्टू करू नका. माझेही तसेच होत होते, आणि दुसऱ्या हंगामात तोच शेतकरी स्वतःहून बोलवायला आला. तेव्हापासून प्रत्येक नव्या रानात वीस पावले गेल्यावर मी ट्रॅक्टर उभा करतो, पीटीओ बंद करतो आणि खाली उतरून मातीत मनगटापर्यंत हात घालून पाहतो.