रोमन स्क्रिप्ट फाँटमध्ये मथळा कसा जुळवावा

मजकूर आधी कमी करा. एक नाव, फार तर दोन-तीन शब्द. स्नेल राउंडहँड, बिकहॅम स्क्रिप्ट यांसारखे लपेटीदार फाँट मथळ्यासाठीच आहेत. आकार मोठा घ्या, कारण यांतल्या छोट्या अक्षरांची उंची फार कमी असते आणि 24 पॉइंटही डोळ्याला बारीक वाटतात. सगळा शब्द कॅपिटलमध्ये कधीच नको. ही कॅपिटल अक्षरं शब्दाच्या सुरुवातीला एकटी शोभतात, शेजारीशेजारी आली की एकमेकांच्या अंगावर चढतात आणि नाव वाचताच येत नाही.

खरं काम बिघडतं ते अक्षरांमधल्या अंतरात. छोट्या अक्षराची शेवटची रेघ पुढच्या अक्षराला नेमकी भिडावी, अशा बेताने हे फाँट काढलेले असतात. ‘मथळ्याला थोडी हवा द्या, ट्रॅकिंग (सगळ्या अक्षरांमधलं सरसकट अंतर) वाढवा’ हा सल्ला सगळीकडे मिळतो. सुट्या, उभ्या कॅपिटल अक्षरांना तो लागू पडतो, इथे तो घात करतो. मी तो ऐकून एका प्रमाणपत्रावर ट्रॅकिंग 20 ठेवलं होतं. स्क्रीनवर पूर्ण पान पाहताना नाव सुरेख दिसत होतं. छापून आलं तेव्हा प्रत्येक जोडावर केसाएवढी पांढरी फट होती, आणि सगळ्या प्रती पुन्हा छापाव्या लागल्या. तेव्हापासून माझं ट्रॅकिंग शून्य. छपाईला देण्याआधी 800 टक्के झूम करून एकेक जोड बघतो.

ट्रॅकिंगला हात न लावताही फट पडू शकते. इनडिझाइन किंवा इलस्ट्रेटर या सॉफ्टवेअरमध्ये कर्निंग (दोन शेजारच्या अक्षरांमधलं अंतर) ‘ऑप्टिकल’वर असेल तर फाँट काढणाऱ्याने ठरवलेली अंतरं बाजूला पडतात आणि जोड सुटतात. ते ‘मेट्रिक्स’वरच, म्हणजे फाँटमधल्या मूळ अंतरांवरच हवं. ओळ जस्टिफाय करू नका, म्हणजे दोन्ही कडांपर्यंत ताणू नका, मध्यभागी घ्या. हाताने कर्निंग करायचं ते एकाच जागी: कॅपिटल टी, व्ही किंवा डब्ल्यूनंतर भगदाड दिसलं तर पुढचं अक्षर जरा आत ओढा.

अक्षरांचे लांब शेपटीचे पर्याय ग्लिफ्स पॅनलमध्ये, म्हणजे फाँटमधली सगळी अक्षररूपं दाखवणाऱ्या चौकटीत मिळतील. एका ओळीत एकच घ्या, पहिल्या किंवा शेवटच्या अक्षराला.

रंगाचं मात्र जपा. बिकहॅम स्क्रिप्ट हा जॉर्ज बिकहॅमने 18व्या शतकात तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या अक्षरांवरून बेतलेला आहे. त्या कोरीव कामात केसासारखी रेघ टिकते. गडद रंगावर पांढरी अक्षरं सोडलीत तर आजूबाजूची शाई पसरून तीच रेघ बुजते. पांढऱ्यावर गडदच ठेवा.

नाव व्हिनाइलमधून (चिकटवायच्या प्लास्टिकच्या शीटमधून) कापून घ्यायचं असेल तर अक्षरांच्या आउटलाइन करून, म्हणजे त्यांचे आकार बनवून, ते इलस्ट्रेटरच्या पाथफाइंडरमध्ये ‘युनाइट’ करून एकसंध करा. तसं न केल्यास जोडाजवळ एकावर एक आलेली अक्षरं सुटीच राहतात आणि पातं प्रत्येक जोडावर आडवा काप देतं.