मिनीस्क्रू सैल होतोय? बसवताना या चुका टाळा

मिनीस्क्रू (दात सरकवताना आधार म्हणून जबड्याच्या हाडात तात्पुरता बसवलेला बारीक स्क्रू) हलायला लागला की पहिला संशय त्याला जोडलेल्या, दात ओढणाऱ्या स्प्रिंगच्या जोरावर घेतला जातो. पण नीट बसलेला स्क्रू १५०–२०० ग्रॅमच्या नायटाय (निकेल-टायटॅनियम) स्प्रिंगला सहसा दाद देत नाही. बिघाड बहुधा बसवतानाच झालेला असतो.

सर्वांत नडतं ते स्क्रू दाताच्या मुळाला लागणं. वरची दुसरी उपदाढ आणि पहिली दाढ यांच्यामधली जागा सर्रास वापरली जाते, पण १.४–१.६ मिमी जाडीच्या स्क्रूला दोन्ही बाजूंनी हाड उरेल का, हे नुसत्या ओपीजीवर (संपूर्ण जबड्याच्या एक्स-रेवर) ठरवू नका. त्या जागेचा आयओपीए (तोंडात फिल्म ठेवून घेतलेला छोटा एक्स-रे) काढा. मुळं जवळ असतील तर आधी ती वायरने दूर करून घ्या. भूलही बेताची द्या: हिरडी बधिर झाली पाहिजे, मुळाभोवतीचं लिगामेंट (मुळाला हाडाशी जोडणारे तंतू) नाही. मग मुळाजवळ पोचताच पेशंटच कळवतो. एकाएकी कळ आली, किंवा स्क्रू फिरतो पण पुढे सरकत नाही, तर तिथेच थांबा. उलटा फिरवून काढा आणि कोन बदलून पुन्हा घाला. रेटून बसवलेला स्क्रू टिकत नाही, वर मूळ दुखावतं ते वेगळंच.

खालच्या जबड्याचं हाड दाट. तिथे थेट पिळत गेलं की टॉर्क (पिळण्याचा जोर) चढतो, हाड दबून मरतं. १.६ मिमीच्या स्क्रूला ५ ते १० न्यूटन-सेंटीमीटर टॉर्क पुरे. त्याहून जास्त लागतोय असं वाटलं तर मंद गतीने, थंड सलाईन सोडत, स्क्रूपेक्षा बारीक पायलट होल (स्क्रूला वाट देणारं छिद्र) आधी करा. हाड तापलं असेल तर स्क्रू त्या दिवशी घट्ट वाटतो आणि काही आठवड्यांत निघून येतो, म्हणून हे कारण कुणाच्या लक्षातच येत नाही.

ड्रायव्हर धरलेलं मनगट डुललं की भोक रुंदावतं, कधी स्क्रूचं टोकच आत मोडतं.

स्क्रूचं डोकं हलत्या श्लेष्मल त्वचेत (हिरडीपलीकडच्या सैल, मऊ आवरणात) आलं तर सूज ठरलेली. घट्ट हिरडीतच बसवा. रोज मऊ ब्रश, सुरुवातीला क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या चुळा.

स्क्रू किंचित हलतो पण दुखत नाही? स्प्रिंगचा जोर काढा, स्क्रू पाव फेरा आवळा, काही आठवडे थांबा. उघड डुलत असेल तर काढून दुसऱ्या जागी घाला. उपचार संपल्यावर काढताना अडला, तर पिळू नका. थोडा सैल करून सोडा आणि काही दिवसांनी पुन्हा बोलवा.