शेल्टरमध्ये नवीन प्राणी घेताना या चुका टाळा

स्वतःचं छोटं शेल्टर काढायचंय म्हणून आमच्याकडे बघायला बरीच मुलं-मुली येतात. जागा, पत्रा, पिंजरे, डोनेशन यावर तासभर बोलतात, आणि मग मी एकच विचारते, नवीन आलेलं कुत्रं पहिले चौदा दिवस कुठे ठेवणार? बहुतेक जण बाकीच्यांबरोबरच म्हणतात. तिथेच मला धस्स होतं, कारण सगळ्यात महागात पडणारी चूक हीच आहे आणि ती मी स्वतः केलेली आहे.

जुलै महिना होता, रात्रीचे साडेनऊ, धो धो पाऊस. एक दादा खोक्यात पिल्लू घेऊन आले, एसटी स्टँडवर भिजत बसलेलं म्हणे. करड्या रंगाचं, दीड-दोन महिन्यांचं, एका कानावर पांढरा ठिपका. टॉवेलने पुसलं, शेपूट हलवलं, वाटीभर भात चाटून पुसून खाल्ला. वेगळ्या ठेवायच्या पिंजऱ्यात आम्ही खाण्याची पोती रचून ठेवलेली, ती एवढ्या रात्री कोण हलवणार, म्हणून एक रात्रच तर आहे असं म्हणत मी त्याला पिल्लांच्या खोलीत सोडलं. आत अकरा पिल्लं होती.

चौथ्या दिवशी सकाळी त्याची वाटी तशीच भरलेली. कोपऱ्यात पाठ कमानीसारखी करून बसलेलं, तोंडाला पिवळा फेस. संध्याकाळी रक्ताचे जुलाब सुरू झाले आणि ज्यांनी तो वास एकदा घेतलाय त्यांना तपासणीचं किट वापरायच्या आधीच कळतं, तरी किट केलं, दुसरी रेघ आली, पार्व्हो, म्हणजे पिल्लांच्या आतड्यावर हल्ला करणारा, झपाट्याने पसरणारा विषाणू. ते रात्रीच गेलं. आठव्या दिवसापासून बाकीची एकेक करून पडायला लागली. डॉक्टर रात्री दोनला मोबाईलच्या उजेडात त्या काडीएवढ्या पायात शीर शोधतायत, मी सलाईनची बाटली कोमट पाण्यात धरून बसलेय, असे दहा दिवस काढले. अकरातली सात गेली.

पार्व्होची लागण झाल्यावर साधारण तीन ते सात दिवस काहीच दिसत नाही, कधी कधी चौदापर्यंत जातं, आणि लक्षणं दिसायच्या आधीच शीतून विषाणू बाहेर पडायला लागतो. म्हणजे शेपूट हलवणारं, भात खाणारं पिल्लू निरोगी आहे हे आपण ठरवूच शकत नाही. डिस्टेंपर, हा कुत्र्यांचा दुसरा जीवघेणा विषाणू, तर त्याहून फसवा, दोन आठवडे उलटून गेल्यावरही डोकं वर काढतो. म्हणून निदान चौदा दिवस वेगळं ठेवायचंच आणि त्यात कुणासाठीही सूट नाही. जागा नसेल तर नवीन घेऊ नका, कुणाच्या तरी बाथरूममध्ये फॉस्टर, म्हणजे तात्पुरती सांभाळायची सोय, बघा, पण आत सोडू नका.

दुसरी चूक याच गोष्टीत दडलेली आहे, फिनेल. त्या दहा दिवसांत आमच्या मावशी दिवसातून तीनदा फिनेलने फरशी पुसत होत्या आणि स्वच्छ वास आला की आम्हाला बरं वाटायचं. पार्व्होला फिनेलने काहीही होत नाही. साध्या ब्लीचने होतं, म्हणजे सोडियम हायपोक्लोराईट, बाजारात पाच टक्क्यांच्या आसपास मिळतं ते, एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी. पण आधी शी उचलून साबणाने फरशी घासून धुवायची, घाणीवर ब्लीच ओतलं तर ते घाणीतच संपतं. आणि दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं, सगळे इथेच घाई करतात, ओतलं की लगेच पुसलं. ब्लीच रोज ताजं कालवा, ॲसिड किंवा फिनेलबरोबर कधीही मिसळू नका आणि प्राणी बाहेर काढूनच वापरा. मातीवर मात्र याचा उपयोग नाही, मातीत हा विषाणू महिनोन् महिने टिकतो, म्हणून आमच्या मागच्या अंगणात आम्ही वर्षभर एकही पिल्लू उतरवलं नाही. मांजरांच्या खोलीत तर फिनेल नकोच, पंजे चाटून ते पोटात जातं आणि मांजराच्या लिव्हरला ते पचत नाही.

माझी आताची सवय सांगते. गेटजवळचे तीन पिंजरे नवीन आलेल्यांचे, तिथे पोतं काय पाण्याची बाटलीही ठेवू देत नाही. त्यांची बादली, झाडू, चपला वेगळ्या, सगळ्यावर लाल पट्टी. सफाई आधी निरोगी पिल्लांची, मग मोठ्यांची, मग नवीन आलेल्यांची, आजारी सगळ्यात शेवटी, हा क्रम उलटा झाला तर मी त्या दिवशी रागावते. पार्व्हो-डिस्टेंपरचं व्हॅक्सिन आल्या दिवशीच, अंघोळीच्या आधी, फोटोच्या आधी. जरा स्थिरावू दे, पुढच्या आठवड्यात बघू असं म्हणणारे मला बिलकुल पटत नाहीत, शेल्टरमध्ये पुढचा आठवडा फार लांब असतो. पिल्लू अगदी आजारी असेल तर अर्थात डॉक्टर सांगतील तसं. आणि एक डोस म्हणजे झालं नाही, आईकडून आलेल्या प्रतिकारशक्तीमुळे सुरुवातीचे डोस वाया जाऊ शकतात, म्हणून शेल्टरमधल्या पिल्लांना दर दोन आठवड्यांनी, निदान सोळा आठवड्यांची होईपर्यंत द्यायचा. व्हॅक्सिन 2 ते 8 डिग्रीत राहायला हवं, फ्रीजच्या दारात ठेवू नका, दार दर पाच मिनिटांनी उघडतं.

आता संख्येचं. अजून एक बसेल हे वाक्य मला ऐकवत नाही. अमेरिकेतले शेल्टरवाले एक साधा हिशोब धरतात, एका प्राण्यामागे रोज निदान पंधरा मिनिटं, नऊ सफाईची आणि सहा खाण्याची. यात औषध नाही, फिरवणं नाही, अंगावरून हात फिरवणंही नाही. चाळीस कुत्री म्हणजे सहाशे मिनिटं, दहा तास झाले. तुमच्याकडे दोन माणसं आहेत आणि त्यातला एक दुपारी रेस्क्यूला जातो, मग ऐंशी कुत्री कुठल्या जोरावर ठेवताय? जागा किती आहे ते बघू नका, हात किती आहेत ते मोजा.

औषधं व्हॉट्सअ‍ॅपवर विचारून देऊ नका. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, 500 मिलीग्रॅमची एक गोळी जीव घ्यायला पुरते. ताप आहे म्हणून एका मुलीने प्रेमानेच अर्धी गोळी दिली होती, मांजर आमच्याकडे आलं तेव्हा हिरड्या चॉकलेटी पडलेल्या आणि तोंड सुजलेलं, वाचलं नाही. ती मुलगी गेटवर बसून रडत होती, तिला मी काय बोलणार. कुत्र्यांना आयब्युप्रोफेनही नको, पोटात अल्सर होतात, किडनी जाते. गोचीड तापात डॉक्सी, म्हणजे डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक, चालू केली की कुत्रं चार दिवसांत उड्या मारायला लागतं आणि लोक गोळ्या बंद करतात, कोर्स बहुतेक वेळा चार आठवड्यांचा असतो, तो पूर्ण करा, गोळी खाण्याबरोबर द्या.

बाकीच्या पटापट सांगते.

जखमेत किडे पडले की पेट्रोल, टर्पेंटाईन ओतू नका, आतलं मांस जळतं. डॉक्टरकडून स्प्रे घ्या, चिमट्याने एकेक किडा काढा, वेळ लागतो, लागू दे.

गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजू नका, आधी ऊब द्या, अंग गरम झालं की मग. उताणं धरून तर कधीच नाही, दूध फुप्फुसात जातं.

उपाशी हाडकुळं कुत्रं आलं की दया येते आणि पातेलंभर चिकन-भात पुढे ठेवला जातो, तसं करू नका, अचानक भरपूर खाल्ल्याने रक्तातले क्षार कोसळून जीव जाऊ शकतो. थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा.

नसबंदीनंतर घाई नको. भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीसाठीच्या केंद्र सरकारच्या 2023 च्या नियमांप्रमाणेही किमान चार दिवस ठेवायचं असतं आणि जिथून उचललं तिथेच सोडायचं असतं. मी मादीला सात दिवस ठेवते, रोज सकाळी टाके स्वतः बघते, फोटोवर भागवत नाही.

प्रत्येक पिंजऱ्यावर कार्ड लावा. आल्याची तारीख, कुठून आलं, व्हॅक्सिन, आज खाल्लं का, शी कशी होती. आमच्या त्या करड्या पिल्लाच्या नावाने कार्डच नव्हतं, त्यामुळे त्याला किती दिवस झाले यावरच आमचा दोन दिवस गोंधळ चालू होता.

आणि मदतीला येणाऱ्यांनो, रेबीजचे, चावण्याच्या आधीच घ्यायचे डोस घेतल्याशिवाय पिंजऱ्यात हात घालू नका, 0, 7 आणि 21 व्या दिवशी असे तीन. चावलंच तर हळद-चुना नको, वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा, आधीचे डोस झाले असले तरीसुद्धा. आमच्याकडे येणार असाल तर व्हॅक्सिनचं कार्ड सोबत आणा, मी गेटवरच बघते.