‘पऱ्हाटी’ सापडत नव्हती: ओपन सोर्समध्ये पहिलं योगदान कसं द्यावं

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात काकाजी कापूस वेचणीचा हिशोब मोबाइलमधल्या नोंदवहीच्या ॲपमध्ये ठेवतात. नवा मोबाइल घेतल्यावर ते म्हणाले, “हे पाय बरं, पऱ्हाटी लिवलं तं सापडूनच नाही राहिलं.” पऱ्हाटी म्हणजे कपाशी. नोंद तर डोळ्यांपुढे होती. पण जुन्या कीबोर्डने त्यातला ‘ऱ्ह’ साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह वापरून लिहिला होता. नव्या कीबोर्डने नुक्त्याचा ऱ आणि हलन्त वापरला. युनिकोडला, म्हणजे संगणकात अक्षरं साठवायच्या जागतिक पद्धतीला, दोन्ही रीती चालतात, दिसायलाही शब्द एकच. ॲपच्या शोधाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटत होते.

ज्याच्या बोलण्यात पऱ्हाटी, चऱ्हाट, वऱ्हाड रोज येत नाही, त्याला हा दोष दिसायचा कसा? म्हणून माझं सांगणं आहे की सुरुवात कोडपासून नको, तुम्हाला रोज जे खटकतं तिथून करा.

आधी ते ॲप ओपन सोर्स आहे का, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना वाचायला आणि बदलायला खुला आहे का, ते बघा. एफ-ड्रॉइड या ओपन सोर्स ॲपच्या भांडारात ॲपच्या पानावरच त्याच्या कोडचा आणि तक्रारी नोंदवायच्या जागेचा, म्हणजे इश्यू ट्रॅकरचा, दुवा असतो. तिथे आधी जुन्या नोंदी शोधा. तीच तक्रार कोणी केली असेल तर नवी टाकू नका, तिच्याखाली आपला तपशील जोडा.

मग तक्रारीची नोंद लिहायची. इथे घाई करू नका, खरं काम हेच आहे. माझी पहिली नोंद ‘शोध चालत नाही’ एवढीच होती आणि तिच्यावरून कोणालाच काही करता आलं नाही. मोबाइलचं मॉडेल, अँड्रॉइडची आणि ॲपची आवृत्ती लिहा. मग क्रमाने सांगा: जुन्या कीबोर्डने ‘पऱ्हाटी’ लिहून नोंद जतन केली, नव्या कीबोर्डने तोच शब्द शोधला, नोंद यायला हवी होती, आली नाही. दोन्ही शब्द जसेच्या तसे चिकटवा, म्हणजे ॲप बनवणाऱ्यांना ते तपासता येतील. बहुतेक ठिकाणी इंग्रजीत लिहावं लागतं. लहान, साधी वाक्यं पुरतात. स्क्रीनशॉट जोडताना मजुरांची नावं आणि रकमा आधी झाका, कारण ही नोंद साऱ्या जगाला दिसते.

भाषांतराची आवड असेल तर फायरफॉक्स या ब्राउझरचं मराठीकरण पाँटून या संकेतस्थळावर होतं, लिबरऑफिस या ऑफिस-सॉफ्टवेअरचं वेबलेटवर. दहा ओळी करा, पण प्रत्येक ओळ पडद्यावर कुठे दिसते ते बघून करा. यंत्राने केलेलं भाषांतर न वाचता चिकटवलं तर तपासणाऱ्याचं काम दुप्पट होतं.

माहितीपानातली चूक सुधारायची असेल तर मोबाइलही चालतो. प्रकल्पांचा कोड ठेवायच्या गिटहब या संकेतस्थळावर पेन्सिलीच्या खुणेवर टिचकी मारून फोर्कचं बटण दाबलं की तुमच्या खात्यात प्रकल्पाची प्रत, म्हणजे फोर्क, तयार होते. बदल करून पुल रिक्वेस्ट, म्हणजे तो बदल मूळ प्रकल्पात घ्यायची विनंती, पाठवायची. त्याआधी ‘कॉन्ट्रिब्यूटिंग’ नावाची फाइल वाचा, प्रकल्पाचे नियम तिच्यात असतात. खात्याच्या सेटिंगमध्ये ईमेल लपवायचा पर्याय आहे, तो पहिल्याच दिवशी लावा. प्रकल्पातल्या बदलांच्या इतिहासात गेलेला पत्ता सहजासहजी पुसता येत नाही.

कोडमध्ये हात घालायचा असेल तर गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांचा हिशोब ठेवणारं साधन, शिका. लिनस टॉरवल्ड्स यांनी ते २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी बनवलं. त्यात प्रकल्पाची प्रत आपल्याच संगणकावर असते, त्यामुळे टॉवर गेला तरी काम अडत नाही. शाखा, म्हणजे कामाची वेगळी वाट, काढा, बदल करा, कमिट करा, म्हणजे बदल इतिहासात नोंदवा, सगळं नेटशिवाय होतं. नेट लागतं ते कोड आणताना आणि पाठवताना. क्लोन करताना, म्हणजे प्रत उतरवताना, ‘डेप्थ १’ हा पर्याय दिला की जुना इतिहास उतरत नाही आणि डेटा बराच वाचतो. आमच्याकडे रात्री उशिरा रेंज चांगली मिळते, म्हणून मी दिवसभराचे कमिट तेव्हाच पुश करतो, म्हणजे पाठवतो. एका पुल रिक्वेस्टमध्ये एकच दुरुस्ती ठेवा.

उत्तर यायला आठवडे लागू शकतात. प्रकल्प सांभाळणारे बरेचदा आपली नोकरी करून हे करतात, म्हणून रोज विचारणा करू नका. त्यांनी प्रश्न विचारला तर मात्र लवकर उत्तर द्या. दुरुस्ती आली की त्याच मोबाइलवर, त्याच शब्दाने तपासा आणि ‘आता सापडतो’ एवढं कळवा. ज्यांच्याकडे तो कीबोर्डच नाही, त्यांना ते दुसरं कोण सांगणार?