सपाट स्लॅबवरचे इन्सुलेशन बोर्ड कोपऱ्यात उचलत होते, ते असे थांबले

गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या आमच्या ऑफिसच्या आरसीसी स्लॅबवर एक्सपीएस (थर्मोकोलच्या जातीचे, पण दाट फोमचे) बोर्ड चिकटवले होते. पहिल्या पावसाळ्यानंतर कोपऱ्यातले बोर्ड उचलले, पाय ठेवला की पोकळ आवाज यायचा.

आधी सॉल्व्हंटचा रबरी गोंद लावला, तर बोर्डच खालून वितळला. मग ड्रिल मारून स्क्रू आणि वॉशर बसवले. एका भोकातून खाली गळती सुरू झाली. दोन महिने वाया गेले, डोकं फिरलं होतं.

शेवटी उपयोगी पडलं ते असं. सुटलेले बोर्ड काढले. दीड फुटी प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून रात्रभर स्लॅबवर ठेवला. सकाळी आतून घाम दिसला, म्हणजे स्लॅब अजून ओला. तुकडा कोरडा निघेपर्यंत थांबलो, आणि खरं काम इथेच झालं. मग वरचा पांढरट भुसभुशीत सिमेंटचा थर ग्राइंडरने काढला, ब्लोअरने धूळ उडवली, प्रायमर मारला. प्रायमर वाळल्यावर पीयू (पॉलियुरेथेन) या चिकटणाऱ्या फोमच्या पट्ट्या ओढल्या: मध्ये ३०० मिमी अंतराने, कडेला आणि कोपऱ्यात १५० मिमीने, कारण वाऱ्याची ओढ तिथेच सर्वात जास्त. फोम ताजा असतानाच बोर्ड दाबले, सांधे विटांसारखे चुकवले, फोम घट्ट होईपर्यंत वाळूची पोती ठेवली.

स्लॅबऐवजी पत्र्याचा डेक (छताचा पत्रा) असेल तर मात्र मी स्क्रूच निवडेन.