एसीच्या कॉपर पाइपिंगमधील चुका : गॅस संपत नाही, तो गळतो

दर उन्हाळ्यात एसीमध्ये गॅस भरावाच लागतो, असे इतक्या वेळा कानावर येते की गॅस ही इंधनासारखी वापरून संपणारी वस्तू आहे, असा अनेकांचा समज झाला आहे. प्रत्यक्षात स्प्लिट एसीतील गॅस इनडोअर, आउटडोअर आणि त्यांना जोडणारे दोन कॉपर पाइप एवढ्याच बंद मार्गात फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर कोठेतरी गळती आहे, आणि ती शोधायला सुरुवात करावी ती एसी बसवताना हाताने केलेल्या जोडांपासून.

हे जोड म्हणजे फ्लेअर. पाइपचे तोंड ४५ अंशांत फुलवून ते व्हॉल्व्हच्या निमुळत्या तोंडावर नटने आवळले जाते. येथे रबरी वॉशर नसतो. तांब्याचा गुळगुळीत पृष्ठभाग पितळेवर घट्ट बसतो, तेवढ्यानेच गॅस अडतो. त्यामुळे गळणाऱ्या नटाच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळणे किंवा बाहेरून लुकण लावणे निरर्थक आहे, कारण आट्या गॅस अडवतच नाहीत. पाइप करवतीने कापल्यास तांब्याचा कीस आत पडतो आणि पुढे तो थेट कंप्रेसरपर्यंत पोहोचू शकतो, म्हणून कटरच वापरावा आणि तोही प्रत्येक फेरीला थोडाथोडा आवळत, अन्यथा पाइप चेपून त्याचा गोलावा बिघडतो. कापल्यावर आतल्या बाजूला वळलेली धार रीमरने (ती खरवडण्याच्या अवजाराने) काढावी लागते. ती काढताना पाइपचे तोंड खाली धरावे, म्हणजे सुटलेला कीस बाहेर पडतो. त्यानंतर नट पाइपमध्ये आधी घालून मगच तोंड फुलवावे. हा क्रम घाईत हमखास चुकतो.

फुलवलेले तोंड उजेडाकडे धरून पाहण्यास अर्धे मिनिट पुरते, आणि माझ्या मते संपूर्ण कामातील सर्वांत मोलाचे अर्धे मिनिट तेच आहे. दोनदा गॅस भरूनही पुन्हा थंडावा गेलेल्या एका एसीचा नट माझ्यासमोर उघडला, तेव्हा तांब्याच्या कडेला केसाएवढी भेग होती आणि तिच्याभोवती तेलाचा काळपट ओघळ जमला होता. गॅसबरोबर कंप्रेसरचे तेलही फिरत असल्याने गळतीच्या जागी असा डाग बहुधा दिसतोच. कडेला भेग, एका बाजूस जास्त रुंदी किंवा आत ओरखडा दिसला, तर तेवढा तुकडा कापून फ्लेअर नव्याने करावा. एसी एका जागेवरून दुसरीकडे हलवताना जुनेच फ्लेअर पुन्हा आवळण्याची सवयही सोडावी, कारण एकदा दाबले गेलेले तांबे कडक होते आणि नव्या जागी नीट बसत नाही.

नट आवळताना दोन पाने (स्पॅनर) लागतात : एकाने व्हॉल्व्ह किंवा युनियन (पाइप जोडायचा तुकडा) धरायचे आणि दुसऱ्याने नट फिरवायचा. एकाच पान्याने जोर लावल्यास पाइपला पीळ बसतो. पाव इंची नटाला साधारण १४ ते १८ न्यूटन-मीटर आणि अर्धा इंची नटाला ५० ते ६० न्यूटन-मीटर एवढा टॉर्क (आवळण्याचा पीळ) पुरेसा असतो. ‘आणखी थोडे घट्ट’ केल्याने जोड पक्का होत नाही, उलट फ्लेअर पातळ होऊन फाटतो.

पाइप वाकवण्यासाठी स्प्रिंग किंवा बेंडर वापरावा. एकदा चेपलेली जागा हाताने गोल केली तरी आतला मार्ग अरुंदच राहतो. इन्सुलेशन दोन्ही पाइपांना स्वतंत्रपणे घालावे. अनेक इनव्हर्टर एसींमध्ये गॅसचा दाब आउटडोअरमध्येच उतरवला जात असल्याने बारीक पाइपही थंड असतो, आणि उघडा राहिल्यास त्यावर दव जमून पाणी भिंतीवर उतरते. बाहेरच्या बाजूस टेप खालून वर गुंडाळावी, म्हणजे कौलांप्रमाणे वरचा वेढा खालच्यावर येतो आणि पावसाचे पाणी आत शिरत नाही.

यानंतर येते ती व्हॅक्युमची, म्हणजे पाइपांतील हवा आणि ओलावा पंपाने ओढून काढण्याची पायरी, आणि सर्वाधिक टाळाटाळ येथेच होते. पंप लावण्याऐवजी आउटडोअरमधील थोडा गॅस सोडून पाइपांतील हवा बाहेर ढकलली जाते. त्याने हवा आणि विशेषतः ओलावा पूर्ण निघत नाही. आर ३२ आणि आर ४१० ए या गॅसांसोबत वापरले जाणारे तेल ओलावा झपाट्याने शोषते आणि कालांतराने त्यातून आम्ल तयार होऊन कंप्रेसरच्या मोटारीतील तारांच्या गुंडाळीचे (वाइंडिंगचे) नुकसान होते. शिवाय आर ३२ सौम्य ज्वलनशील असल्याने तो खोलीजवळ मोकळा सोडणे धोक्याचे आहे. पंपाने दाब ५०० मायक्रॉनच्या (अतिशय कमी दाब मोजण्याचे एकक) खाली नेल्यास आतले पाणी खोलीच्या तापमानालाच उकळून वाफ होते आणि ओढले जाते. पंप बंद केल्यावर गेजकडे लक्ष ठेवावे : दाब थोडा वाढून स्थिर झाला तर ओलावा शिल्लक आहे, सतत वाढत राहिला तर गळती आहे. पंप लावण्याआधी गळतीची चाचणी कोरड्या नायट्रोजनच्या दाबाने करावी आणि प्रत्येक नटावर साबणाचा फेस लावून बुडबुडे पाहावेत. या कामासाठी ऑक्सिजन कधीही वापरू नये. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आल्यास स्फोट होतो.

आउटडोअरमध्ये कारखान्यातून भरलेला गॅस ठरावीक लांबीच्या पाइपापुरताच असतो. पाइप त्याहून लांब असल्यास माहितीपुस्तिकेत प्रतिमीटर दिलेले ग्रॅम वजनकाट्यावर मोजून वाढवावेत; केवळ गेजवरील दाब पाहून केलेला अंदाज, विशेषतः इनव्हर्टर एसीत, फसवा ठरतो.

व्हॅक्युम टिकल्याची खात्री झाल्यावरच आउटडोअरचे दोन्ही व्हॉल्व्ह ॲलन कीने पूर्ण उघडावेत, अर्धवट ठेवू नयेत, आणि त्यांवरची पितळी टोपणे पान्याने पुन्हा बसवावीत. व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीची बारीक गळती ही टोपणेच अडवतात, पण काम उरकल्यावर ती बऱ्याचदा आउटडोअरच्या पत्र्यावर तशीच पडून राहिलेली आढळतात.